उदरातला शेजारी

आपल्या मंडळ्यांतून तंबाखूविषयी उपदेश होत नाही असे नाही. वर्षातून एकदा तरी एखादा वक्ता व्यासपीठावरून, शरीर हे देवाचे मंदिर आहे या प्रेषित पौलाच्या शिकवणीचा दाखला देतो. ऐकणारे माना डोलावतात, आणि उपासना संपल्यावर आवाराबाहेर काही बंधू खिशातली चंची काढतात. भगिनींचे मात्र काही दिसत नाही. आपल्या भागातील बहुतेक स्त्रिया विडी-सिगारेट ओढत नाहीत. तेव्हा हा उपदेश आपल्यासाठी नव्हेच, अशा समजुतीने त्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढे बसून त्यांतल्या कित्येकजणी पत्र्याचा डबा उघडतात आणि बोटावर मिश्री घेऊन दातांना लावतात.

हा लेख त्या डब्याविषयी आहे. आणि विशेषेकरून, घरातली सून किंवा लेक गर्भवती असते त्या नऊ महिन्यांतल्या डब्याविषयी. या नऊ महिन्यांत एक असा प्रश्न उभा राहतो की ज्याचे उत्तर 'माझे शरीर, माझे व्यसन, माझे नुकसान' एवढ्याने मिळत नाही. जो अजून जन्माला आला नाही, ज्याला नाव नाही, ज्याचे तोंड कोणी पाहिले नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू, तर ते देणे एकट्या आईचे की आणखी कोणाचे?

प्रथम आपला मुलूख पाहू. निपाणी म्हटले की महाराष्ट्र-कर्नाटकात कोणालाही तंबाखू आठवते. निपाणी-चिकोडीकडच्या आणि सीमेपलीकडे कागल-गडहिंग्लजकडच्या जमिनीत विडीची तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. वखारींतून ती वाळवली, कुटली, चाळली गेली, आणि ती धुळीची कामे बहुतकरून बायकांच्याच वाट्याला आली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगलोर महामार्ग अडवून धरला होता. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला व त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच काळात वखारींतल्या कामगार स्त्रियाही मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली माहितीपट केला. हे सांगण्याचे कारण एवढेच की, आमच्याकडे तंबाखू ही आधी भाकरी आहे आणि मग व्यसन. जो कोणी येथे तिच्याविरुद्ध बोलेल त्याने या भाकरीचा मान राखून बोलावे.

मिश्री कशी करतात हे वाचकांना ठाऊकच आहे. तंबाखू तव्यावर किंवा खापरावर काळी होईपर्यंत भाजतात, मग कुटून तिची भुकटी करतात. भाजताना घरभर ठसका उठतो. पहाटे दात घासण्याचे निमित्त असते. पण ज्यांना सवय जडली त्या दुपारी जेवणानंतर आणि रात्री निजतानाही लावतात. दात घासण्यापुरती वस्तू म्हणून तिला व्यसन म्हणायला कोणी तयार नसते. पुरुष विडी ओढतो ते चारचौघांत दिसते. मिश्री घराच्या आत राहते. २०१६-१७ मध्ये भारतात झालेल्या प्रौढांच्या तंबाखू-सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शंभरांत २ आढळल्या, पण धुराविना तंबाखू घेणाऱ्या स्त्रिया शंभरांत जवळजवळ १३ आढळल्या. म्हणजे 'आमच्या बायका ओढत नाहीत' या अभिमानाच्या मागे केवढी मोठी गोष्ट झाकलेली आहे पाहा.

आता गर्भाचा विचार करू. गर्भवतीच्या धूम्रपानाविषयी शास्त्रीय विचार सुरू होऊन बराच काळ लोटला. १९५७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डॉ. सिम्पसन यांनी सात हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. धूम्रपान करणाऱ्या मातांमध्ये कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची म्हणून गणली जाणारी बाळे जवळजवळ दुप्पट प्रमाणात आढळली. त्यानंतर अनेक देशांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली. कारणही कळले. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे वारेकडे जाणारा रक्ताचा पुरवठा कमी होतो. शिवाय ते वारेतून पार होऊन बाळाच्या रक्तात उतरते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. जे बाळ आपला श्वास स्वतः घेऊ शकत नाही, त्याच्या वाट्याचा प्राणवायू असा तोडला जातो.

'पण हे धुराचे झाले, मिश्रीत धूर कुठे आहे?' असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मराठी मुलुखातून मिळाले आहे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला आणि २००४ साली आपला निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये प्रसिद्ध केला. या स्त्रियांपैकी शंभरांत सुमारे १७ जणी धुराविना तंबाखू घेत होत्या, आणि त्यांत सर्वांत जास्त वापर मिश्रीचाच होता. उत्पन्न, शिक्षण, आईचे वजन इत्यादी फरक हिशेबात घेऊनही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस लवकर झाले. त्याच अभ्यासगटावरून २००६ मध्ये असेही दिसून आले की, तंबाखू घेणाऱ्या मातांचे मूल मृत जन्मण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. म्हणजे मिश्रीत धूर नसला तरी निकोटिन आहेच, आणि ते हिरड्यांवाटे रक्तात जाते.

कोणी हसून म्हणेल, १०५ ग्रॅम म्हणजे किती? वाटीभर तांदूळ! परंतु ही सरासरी आहे. ज्याचे वजन तीन किलो भरायचे त्याचे शंभर ग्रॅम कमी झाले तर फारसे बिघडत नाही. पण आपल्या गरीब घरांतून, अर्धपोटी आणि रक्त कमी असलेल्या आईच्या पोटी जे बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर उभे आहे, त्याला तेवढाच धक्का काठाखाली नेतो. मग थंडी, जुलाब, छातीचा आजार यांच्याशी झगडण्याचे बळ त्याच्यात राहत नाही. जी वजावट श्रीमंताच्या घरात दिसतही नाही, ती गरिबाच्या घरात जीव घेते.

वस्तुस्थिती अशी आहे. आता तिच्यावरून आपण काय करावे हे ठरवायचे आहे. आणि तेथे केवळ आकडे पुरत नाहीत.

आरंभी म्हटलेला मंदिराचा दाखला खरा आहे; पण गर्भवतीच्या बाबतीत तो अपुरा पडतो. तो मला माझ्या शरीराविषयी बजावतो. त्यावर एखादी भगिनी म्हणू शकते, 'मंदिर माझे, त्याची पडझड माझी, देवाला जाब मी देईन.' गर्भारपणात मात्र त्या मंदिरात दुसरे कोणी राहायला आलेले असते. तेथे प्रश्न मालकीचा राहत नाही, शेजाराचा होतो. एका शास्त्र्याने प्रभूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? प्रभूने व्याख्या न सांगता यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत याजक गेला, लेवी गेला, तरी मागून तिसरा येण्याची आशा होती आणि शोमरोनी आला. उदरातल्या बाळाच्या वाटेने मागून तिसरे कोणी येत नाही. त्याच्यापर्यंत पोचणारी एकच वाट आहे आणि ती आईच्या शरीरातून जाते. जेथे मदतीला दुसरा कोणीही येऊ शकत नाही, तेथे जवळ असलेल्याचे कर्तव्य सर्वांत मोठे होते. शेजारधर्माचा हा नियम आपण पूर, आग, अपघात या प्रसंगी मान्य करतोच.

ज्याला पाहिले नाही त्याच्याविषयी कर्तव्य कसे, असेही कोणी विचारील. पण आपले खेड्यातले जीवन याच कर्तव्यावर चालले आहे. म्हातारा माणूस आंब्याचे रोप लावतो तेव्हा त्याची फळे आपण खाणार नाही हे त्याला ठाऊक असते. आजोबांनी खणलेल्या विहिरीचे पाणी नातू पितो. ज्यांनी आपल्यासाठी झाडे लावली त्यांनी आपली तोंडे पाहिली नव्हती. मग जो नऊ महिन्यांत दाराशी येणार, ज्याच्या लाथा आईला रात्री जाग्या करतात, तो तर कितीतरी जवळचा झाला.

याच्यापुढे नेहमीचा आक्षेप येतो. 'माझ्या सासूने जन्मभर मिश्री लावली, सात बाळंतपणे झाली, सातही पोरे धडधाकट आहेत.' ही गोष्ट खोटी नसते, म्हणूनच ती प्रभावी ठरते. तिला उत्तर म्हणून मला मोशेच्या नियमशास्त्रातला एक लहानसा नियम आठवतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. या नियमाची गंमत अशी की, कोणी पडलाच पाहिजे अशी त्याची अट नाही. बिनकठड्याच्या धाब्यावर कित्येक कुटुंबे आयुष्यभर निजली असतील आणि कोणीही पडले नसेल. तरी कठडा बांधायचाच. कारण कोण पडेल हे आधी कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. सासूबाईंची सात पोरे वाचली याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु त्यावरून कठड्याची गरज नाही असे सिद्ध होत नाही. शिवाय शेजारच्या घरात जे मूल राहिले नाही, त्याची गोष्ट कोणी चुलीपुढे सांगत बसत नाही. वाचलेल्यांचीच गणती आपल्या कानांवर येते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: हे देणे कोणाचे? येथे आपण पुरुषांनी सावध होऊन ऐकले पाहिजे. शास्त्यांच्या पुस्तकात शमशोनाच्या जन्माची हकीकत आहे. त्याच्या आईला देवदूताने सांगितले की, तुला मूल होणार आहे, तेव्हा तू आतापासून द्राक्षारस व मद्य वर्ज्य कर. बाळासाठी आईने काही सोडावे हा विचार पवित्र शास्त्रात इतका जुना आहे. पण तिचा नवरा मानोहा याने ते ऐकल्यावर काय केले? 'तुला सांगितले आहे, तू पाळ,' असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. त्याने देवाला विनंती केली की, तो देवाचा माणूस पुन्हा येवो आणि त्या मुलासाठी आम्ही काय करावे हे आम्हांला शिकवो. 'आम्ही' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. मूल पत्नीच्या उदरात होते. पण त्याविषयीचा प्रश्न मानोहाने आपल्याही अंगावर घेतला.

आमच्या किती घरांत हा 'आम्ही' ऐकू येतो? नवरा खाटेवर बसून विडी ओढतो आणि तोच बायकोला म्हणतो, 'डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, मिश्री लावू नको.' त्याच खोलीत धूर कोंडलेला असतो. २००८ साली नऊ विकसनशील देशांतील गर्भवती स्त्रियांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आपल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचाही सहभाग होता. स्वतः तंबाखूला हात न लावणाऱ्या पुष्कळ स्त्रिया घरातल्या इतरांच्या धुरात गर्भारपण काढतात, ही गोष्ट तीत स्पष्ट झाली. जो धूर तिने मागितला नाही तो तिच्या श्वासातून बाळाकडे जातो. म्हणून माझे नम्र मत असे की, ज्या घरात दिवस गेल्याची वार्ता येते त्या घरातल्या पुरुषाने त्याच दिवशी घरात विडी ओढणे थांबवावे, आणि मगच पत्नीशी मिश्रीविषयी बोलावे. आपण न सोडलेली वस्तू दुसऱ्याला सोडायला सांगणे म्हणजे, ज्या ओझ्याला बोट लावायची आपली तयारी नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावर देणे. प्रभूने परूश्यांना याच गोष्टीबद्दल दोष दिला होता.

आणि सासू? पहिल्या महिन्यांत सुनेला ओकाऱ्या होतात, तोंड कडू होते, पोट साफ होत नाही. तेव्हा 'लाव की जरा, बरं वाटंल' असे प्रेमानेच सांगणारी तीच असते. तिच्या प्रेमावर शंका घेण्याचे कारण नाही; पण ज्या प्रेमाला माहितीची जोड नाही ते घात करते. तिला रागे भरून काही साधत नाही. 'आत्याबाई, नातवासाठी आपण दोघींनी मिळून डबा उचलून ठेवूया' असे सुनेने म्हणण्यापेक्षा पाळकीणबाईंनी किंवा महिला मंडळाच्या भगिनींनी घरी जाऊन म्हटले, तर ते सासूला मानवते. लहान्यांनी मोठ्यांना शिकवावे हे आपल्या रीतीत बसत नाही. म्हणून हे काम मंडळीने करावे.

एका महिला सभेत या विषयावर बोलत असता, विडी वळून संसार करणाऱ्या एका भगिनीने मला विचारले, "अवो दादा, दिसभर मांडीवर सूप घिऊन बसायचं, जर्दा नाकातोंडात जातोयच. मग एक चिमूट मिश्री सोडून काय हुतंय?" सभेत शांतता पसरली. मला तो प्रश्न आजवर ऐकलेल्या पुष्कळ पंडिती प्रश्नांपेक्षा खोल वाटला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, सगळे टळत नसेल तर थोडे टाळून उपयोग काय? आणि दुसरी, जिला निवड करायला जागाच नाही तिला तुम्ही निवडीचा उपदेश काय करता?

पहिलीचे उत्तर त्या बाईंना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पावसात छप्पर दोन ठिकाणी गळत असेल तर जे छिद्र हाताला येते ते आपण आधी बुजवतो. तोंडातली मिश्री थेट रक्तात जाते. ती थांबली तर बाळाला मिळणारे विष नक्कीच घटते. जर्द्याच्या धुळीचेही काही करता येते: नाकातोंडाला पदर किंवा फडके बांधणे, काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला न लावणे, जर्दा निजायच्या खोलीत न ठेवणे, तान्ह्या मुलाला सुपाशेजारी न निजवणे. गर्भवतीला चाळण्या-कुटण्याच्या कामातून बाजूला ठेवावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणी तिच्या वाटच्या विड्या वळाव्यात, हे तर घरच्यांना करता येण्यासारखे आहे.

दुसरीचे उत्तर मात्र त्या बाईंनी द्यायचे नाही, बाकीच्यांनी द्यायचे आहे. निवडीला जेवढी जागा, तेवढी जबाबदारी, हे नीतीचे साधे सूत्र आहे. विडी कामगारांसाठी १९६६ साली देशात कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. पण ओळखपत्र कसे मिळवायचे, दवाखान्याची सोय कोठे, बाळंतपणाची मदत कोणती, हे पुष्कळ घरांपर्यंत पोचत नाही. आपल्या मंडळीत शिकलेले बंधू आहेत, शिक्षक आहेत, कचेरीत काम करणारे आहेत. त्यांनी एक शनिवार दुपार काढून या भगिनींचे कागद भरून दिले, तर तो तंबाखूविरुद्धचा उत्तम उपदेश होईल. तंबाखूवर मोठा झालेला मोकळा राहतो आणि तिच्या धुळीत बसणारीला आपण पापाचा धडा देतो, असा न्याय आपल्या हातून होऊ नये.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण हा लेख वाचणाऱ्यांत अशीही एखादी आई असेल की जिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले, किंवा हाती आलेच नाही. वरील आकडे वाचून तिच्या काळजात कळ उठेल. भगिनी, आकडे हजार बायकांविषयी बोलतात. तुझ्या एकटीच्या बाबतीत काय घडले हे ते सांगू शकत नाहीत. बाळ दगावण्याची कारणे अनेक असतात आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही ती सापडत नाहीत. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला, आणि त्या माणसासाठी आता काय करायचे याकडे त्यांचे लक्ष वळवले. मंडळीनेही तेच करावे. पाळण्याजवळ किंवा लहानशा कबरेजवळ उभे राहून 'मिश्री लावत होती ना?' असे कुजबुजणे हे मिश्रीहून मोठे पाप आहे. तंबाखूविषयी जे सांगायचे ते आधी सांगावे. नंतर फक्त जवळ बसावे.

आता सोडण्याविषयी. निश्चय ही सोपी गोष्ट नाही. जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ही तळमळ पौलासारख्या प्रेषितालाही चुकली नाही. निकोटिनची सवय ही शरीराला जडलेली सवय आहे. ती दुर्बळ श्रद्धेची खूण नव्हे. डबा बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते, काही सुचत नाही. दोन-तीन आठवड्यांत हे बरेच ओसरते. एकदम सोडल्याने बाळाला अपाय होतो ही समजूत निराधार आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत सोडले तर बाळाच्या वजनाचे बहुतेक नुकसान टळते. त्यानंतर केव्हाही सोडले तरी लाभ आहेच. 'आता सहावा महिना लागला, आता काय उपयोग' असे कोणी म्हणू नये. द्राक्षमळ्यात अकराव्या तासाला आलेल्यालाही प्रभूने कामावर घेतले.

व्यवहारातल्या काही गोष्टी लिहितो. डबा लपवून ठेवू नये, घराबाहेर टाकावा. लपवलेली वस्तू रात्री हाक मारते. दात घासायला साधी पेस्ट किंवा दंतमंजन आणावे. मात्र काही दंतमंजनांतही पूर्वी तंबाखू सापडली आहे, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावे. तलफ आली की पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी, उठून दुसऱ्या कामाला लागावे. तलफ काही मिनिटांत सरते. आशाताईंना आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना न लाजता खरे सांगावे. सवय सुटण्यासाठी मिळणाऱ्या गोळ्या-पट्ट्या गर्भवतीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यास मदत करणारा सरकारी फोन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तंबाखूच्या पाकिटांवरच तो छापलेला असतो. आणि एकटीने सोडू नये. दोघी-तिघींनी मिळून सोडावे, रोज एकमेकींना विचारावे. एखादे दिवशी हात घसरला तर रडत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

एक शंका उरते. केवळ बाळासाठी सोडले आणि बाळंतपणानंतर पुन्हा डबा उघडला, तर? प्रथम हे की, निकोटिन अंगावरच्या दुधातही उतरते. म्हणून नऊ महिन्यांची मुदत खरी नव्हेच. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. स्त्रीच्या पोटात बाळ आहे तोवर साऱ्या घराने तिच्या तब्येतीची काळजी वाहावी आणि बाळ बाहेर आले की तिला तिच्या डब्यावर सोडून द्यावे, ही वागणूक न्यायाची नाही. ती बाळाचे नुसते भांडे नव्हे. मिश्रीने हिरड्या झिजतात, तोंडाचा कर्करोग होतो, आणि तो होतो तेव्हा ती कोणाची आई असते, कोणाची आजी असते, आणि त्याआधी ती स्वतः देवाने नावाने हाक मारलेली एक व्यक्ती असते. बाळाच्या प्रेमाने सुरुवात झाली तर उत्तमच. प्रेमाने सुरू झालेल्या गोष्टी टिकतात. परंतु पुढे तिने स्वतःसाठीही डबा बंद ठेवावा, आणि घराने तिला त्यासाठी साथ द्यावी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. तुमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना घरची माणसे तंबाखूची पुडी आणायला दुकानात पाठवतात. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी केली, आणि कर्नाटकाने ही मर्यादा पुढे २१ वर्षांवर नेली आहे; तरी आपल्या गल्लीत काय चालते ते आपण पाहतोच. मुलांना नुसते 'तंबाखू वाईट' असे पाठ करायला लावू नका. त्यांना मानोहाची गोष्ट सांगा, धाब्याच्या कठड्याची गोष्ट सांगा, आणि विचारा: तुमच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण येणार असेल, तर तुम्ही काय कराल? मुले या प्रश्नाचे उत्तर घरी घेऊन जातात. कित्येक बापांनी पत्नीचे ऐकले नाही, डॉक्टरांचे ऐकले नाही, पण मुलीने विचारल्यावर विडी विझवली आहे.

आपल्या मंडळीत येत्या काही महिन्यांत कोणाकडे पाळणा हलणार आहे हे आपणांस ठाऊक असेलच. त्या घरी जा. उपदेश करण्याआधी चौकशी करा, तिच्या वाटचे एखादे काम हातावेगळे करा, आणि मग हळूच डब्याचा विषय काढा. जो शेजारी अजून बोलू शकत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला हवे. आणि त्याच्या आईच्या वतीनेही.